रामन राघवचे खरे काय मानायचे?

१९६०च्या दशकात मुंबईत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघवचा विषय कट्ट्यावर निघाला तो कोंबडीवरून. आमच्यातला सर्वांत धाकटा पत्रकारिता शिकतो आणि कोणाचेही वाक्य पुरे होण्याआधी ते दुरुस्त करतो, म्हणून आम्ही त्याला संपादक म्हणतो. सध्या तो गुन्हेगारीवरच्या सत्यकथांत आकंठ बुडालेला आहे. आल्या आल्या त्याने जाहीर केले, “जो माणूस पोलिसांशी कोंबडीच्या जेवणाचा सौदा करतो, त्याला वेडा ठरवणं ही शहाण्यांची फसगत आहे.”

रामन राघवविषयी फारसे न वाचलेल्यांनाही ही एक गोष्ट हमखास ठाऊक असते. २७ ऑगस्ट १९६८ रोजी फौजदार ॲलेक्स फियालो यांनी त्याला मुंबईत हेरून अडवले आणि बोटांच्या ठशांवरून तो पोलिसांच्या दप्तरातला जुना रामन राघव ऊर्फ सिंधी दलवाई असल्याचे पक्के झाले. पुढचा तपास गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली झाला. त्यात बराच काळ तो एक अक्षर बोलेना. मग त्याने कोंबडी मागितली, ती त्याला मिळाली, आणि तो सविस्तर बोलू लागला. हत्यार कोणते, ते कसे वापरले, कुठे कुठे गेलो, हे सारे त्याने सांगितले. संपादकाच्या मते ज्याला आपल्या मौनाची किंमत कळते आणि ती वसूलही करता येते, तो पुरता शुद्धीवर असतो.

अण्णांना हे पटले नाही, पण त्यांचे कारण वेगळे होते. त्यांचे बालपण मालाडला गेले आणि १९६८ साली ते शाळेत होते. पावसाळ्याच्या कोंदट रात्रीही आईने खिडकी उघडू दिली नाही, चाळीतले पुरुष लाठ्या घेऊन आळीपाळीने जागत होते आणि अनोळखी भिकारी दिसला की आधी त्याला मार बसत होता व चौकशी नंतर होत होती, हे ते आजही कालपरवाचे असल्यासारखे सांगतात. “तुम्ही लोक ही गोष्ट कोंबडीपासून सुरू करता,” ते म्हणाले, “आम्हाला ती अंधारापासून सुरू झालेली माहीत आहे.” त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. खुनांची पहिली मालिका १९६८ची नव्हेच. १९६५-६६मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, तेव्हाचे लोक ज्याला जीआयपी लाइन म्हणत त्या रेल्वेमार्गाच्या आजूबाजूला, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या एकोणीस जणांवर हल्ले झाले होते आणि त्यांतले नऊ जण दगावले होते. त्या वेळीही संशयावरून रामन राघवला उचलले होते. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला, घरदार नसलेला माणूस म्हणून त्याची नोंद होतीच. पण त्याला कोणी पाहिलेले नव्हते आणि पुरावाही नव्हता, म्हणून त्याला सोडून दिले. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा आलो. तेव्हा मात्र कोणी त्याकडे लक्ष दिले नाही, कारण रामन राघवला पकडले त्या दिवसाचा पंचनामा संपादकाला करायचा होता.

तो पंचनामा वाचण्यासारखाच आहे. रामन राघवजवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची भुकटी आणि काही आकडेमोड केलेले दोन कागद सापडले. हाफ पँट आणि बुशशर्टावर रक्ताचे डाग होते आणि बूट चिखलाने माखलेले होते. “साबण आणि कंगवा बाळगतो,” संपादक म्हणाला, “म्हणजे टापटिपीचा माणूस. लोकांत मिसळायचं कसं हे त्याला कळत होतं.” आमच्या कट्ट्यावरच्या डॉक्टरने त्याच यादीतले आकडेमोडीचे कागद आणि उदबत्तीचे घर उचलले आणि विचारले की रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाने या दोन गोष्टी जिवापाड का जपल्या असतील. दोघांनीही एकाच पिशवीत हात घातला आणि आपापल्या सोयीची वस्तू बाहेर काढली. तो सगळा वाद पुढेही असाच चालणार होता, याचा अंदाज मला तिथेच आला.

आमचा डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ आहे. तो सहसा कमी बोलतो, पण वेड म्हणजे असंबद्ध बडबड, फाटके कपडे आणि शून्यात लागलेली नजर अशी कोणी व्याख्या केली की त्याला राहवत नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियात, म्हणजे ज्यात संशयाचे आणि आपल्याविरुद्धच्या कटाचे भ्रम मध्यवर्ती असतात त्या प्रकारात, स्मरणशक्ती आणि बुद्धी बहुतेक वेळा शाबूत राहतात. रोगी हिशेब करतो, बाजारातून वस्तू आणतो, लोकलने जातो, कोणी पाठलाग करत असेल तर लपतोही. किंबहुना लपण्याच्या कामात तो कित्येकदा निरोगी माणसाहून तरबेज असतो, कारण त्याच्या मनात पाठलाग अखंड चालूच असतो. बिघाड असतो तो या सर्व हालचाली ज्या कारणासाठी होतात त्या कारणात. “भूक लागणं हे शुद्धीवर असल्याचं लक्षण नाही,” तो संपादकाला म्हणाला, “ते जिवंत असल्याचं लक्षण आहे. माझ्या वॉर्डातले पेशंटही मटणाचा दिवस विसरत नाहीत.”

वकीलसाहेब इतका वेळ गप्प होते, आणि ते गप्प असले की युक्तिवाद जुळवत असतात हे आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणाले, “डॉक्टर, तुझं निदान शंभर टक्के बरोबर असेल, पण कोर्ट तुला निदान विचारतच नाही. कोर्ट विचारतं की त्या क्षणी त्याला काय कळत होतं.” मग त्यांनी कलम ८४ सांगितले. भारतीय दंड संहितेचे हे कलम आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून आले आहे आणि त्याचा गाभा तोच राहिला आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा आपण करत आहोत ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे समजण्यास जी व्यक्ती असमर्थ असते, तिने केलेली गोष्ट अपराध ठरत नाही. या विचाराचे मूळ १८४३च्या लंडनमध्ये आहे. डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घालून ठार केले. पीलच्या पक्षाचे लोक आपल्या मागावर आहेत हा त्याचा भ्रम होता. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले तेव्हा इतका गहजब झाला की हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना बोलावून नियम विचारून घेतले, आणि १८६०च्या आपल्या दंड संहितेत ते थोड्या वेगळ्या शब्दांत उतरले. तेव्हा मनोविकारशास्त्र नावाची शाखा जेमतेम उभी राहत होती, म्हणून त्या नियमांत रोगाला जागा कमी आहे आणि कळण्या-न कळण्याला जास्त.

“म्हणजे माझंच खरं,” संपादक म्हणाला. “रात्रीची वेळ निवडली, झोपलेली माणसं निवडली, हत्यार बाळगलं, ओळख बदलली. त्याला कळत होतं.”

वकीलसाहेबांनी मान हलवली, पण ती पूर्ण होकाराची नव्हती. रात्र निवडण्यावरून एवढेच सिद्ध होते की पकडले जाऊ नये असे त्याला वाटत होते, आणि का वाटत होते हा प्रश्न त्यापुढचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये दह्याभाई ठक्कर यांच्या खटल्यात ही चौकट नीट मांडून दिली आहे. पत्नीच्या खुनाचे ते प्रकरण होते. वेडाचा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे, पण ती सरकार पक्षाइतकी जड नाही, शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी आरोपीला पुरते, आणि मुख्य प्रश्न कृत्याच्या क्षणाचा आहे, त्याआधीच्या वा नंतरच्या प्रकृतीचा आहे तो फक्त त्या क्षणावर उजेड पाडण्यापुरता. व्यवहारात हा बचाव क्वचितच टिकतो, हे वकीलसाहेबांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. एरवी ते असे बोलत नाहीत.

रामन राघवच्या खटल्यात झाले ते असे. १९६९मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात बचाव पक्षाने दोन्ही मुद्दे घेतले. आरोपी आज स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही आणि गुन्ह्याच्या वेळीही तो शुद्धीवर नव्हता. पोलीस सर्जनने त्याला जवळजवळ महिनाभर देखरेखीखाली ठेवून अहवाल दिला की त्याला कोणतेही वेड नाही, त्याची स्मरणशक्ती ठीक आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे आणि आपण काय करतो हे त्याला समजते. खटला पुढे चालला आणि आरोपीने गुन्हा कबूल केला. बचावाच्या बाजूने नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली. न्यायालयाने फाशी ठोठावली. आरोपीने अपील करण्यास नकार दिला, पण फाशीला उच्च न्यायालयाची मान्यता लागतेच. उच्च न्यायालयाने त्यापूर्वी तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमण्याचा आदेश दिला. मंडळाने पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास, त्याच्याशी संभाषण केले.

त्या मुलाखतींतून जे बाहेर आले ते संपादकानेही वाचले होते, पण भरभर वाचले होते. डॉक्टरने ते सावकाश सांगितले. रामन राघवच्या लेखी जगे दोन होती, एक ‘कानून’चे आणि दुसरे हे, ज्यात त्याला राहावे लागत होते. देशात तीन सरकारे आहेत, अकबराचे, इंग्रजांचे आणि काँग्रेसचे, आणि ती आपला छळ करतात, आपल्यापुढे मोह टाकतात, अशी त्याची खात्री होती. आपल्याला मुंबईत आणले ते सरकारनेच, चोऱ्या करवल्या त्याही त्यानेच. लोक आपले स्त्रीत रूपांतर करू पाहत आहेत, पण आपण ‘कानून’चे प्रतिनिधी असल्याने त्यांना ते जमत नाही. आपण एक शक्ती आहोत. शेवटच्या मुलाखतीनंतर निरोप घेताना डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. या दुष्ट जगातल्या माणसांना ‘कानून’चा प्रतिनिधी शिवत नाही, असे त्याने सांगितले.

इथे कट्टा काही वेळ थांबला. वकीलसाहेबच पहिल्यांदा बोलले आणि त्यांचा स्वर बदललेला होता. कलम विचारते की आपले कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे आरोपीला समजत होते का, आणि इथे असा आरोपी उभा आहे ज्याच्या लेखी कायदा दुसऱ्याच जगाचा आहे व तो स्वतः त्या कायद्याचा वकील आहे. या जगाचे पोलीस आपल्याला पकडतील हे त्याला ठाऊक होते, त्यांचे कायदे आहेत हेही ठाऊक होते, पण ते कायदे आपल्याला लागू आहेत असे तो मानत नव्हता. “आता याला ‘समजत होतं’ म्हणायचं की नाही?” त्यांनी विचारले.

संपादक म्हणाला, “समजत होतंच. मला वाहतुकीचे नियम मान्य नसले तरी सिग्नल लाल आहे हे मला दिसतं.”

“तुला सिग्नल अमान्य असतो तेव्हा घाई असते,” डॉक्टर म्हणाला. “तुला अकबराच्या सरकारने गाडी चालवायला लावलेलं नसतं. न मानणं आणि मानता न येणं यांत सगळा फरक आहे. भ्रम म्हणजे मत नव्हे. मत बदलता येतं, निदान त्यावर भांडता तरी येतं. भ्रमावर तीन डॉक्टर दहा तास बोलले तरी हात पुढे आला नाही.”

संपादकाने विलायतेचा दाखला काढला. यॉर्कशरमध्ये तेरा बायकांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफने आपण देवाचा आवाज ऐकून ते केल्याचे सांगितले. चार मनोविकारतज्ज्ञांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान केले, तरी १९८१मध्ये ज्यूरीने ते मानले नाही आणि त्याला खुनी ठरवले. संपादक या निकालावर खूश होता. वकीलसाहेबांनी कोरडेपणाने पुढचे वाक्य जोडले, की तीनच वर्षांनी, १९८४मध्ये, त्याच माणसाला तुरुंगातून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात हलवावे लागले.

ताई इतका वेळ दोन्ही बाजूंचे ऐकत होत्या. त्या शाळेत शिकवतात, आणि कट्ट्यावर कोणी वेडा, विकृत, सायको हे शब्द सारखेच वापरले की त्यांना ते परीक्षेच्या पेपरातल्या चुकीसारखे टोचते. त्यांचा आक्षेप वाचकांवर होता. पुण्यात बसून असा विषय निघाला की जोशी-अभ्यंकर खून खटला निघतोच, तसा त्यांनी तो काढला. १९७६ ते १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चार तरुण कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते आणि त्यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांनी घरे हेरली, माणसे बांधली, नायलॉनच्या दोरीने गळे आवळले, लूट नेली, जाताना माग पुसण्याची काळजी घेतली. त्यांची प्रत्येक हालचाल पैसा मिळवणे आणि पकडले न जाणे या दोन हेतूंशी जुळते. म्हणून त्यांच्याविषयी वाचताना संताप येतो, पण कोडे पडत नाही. त्यांच्यातल्या एकाने तुरुंगात आत्मकथनही लिहिले, ते वाचकाला कळते, पटले नाही तरी कळते. “आणि तरी लोक जक्कललाही वेडा म्हणतात आणि रामन राघवलाही,” ताई म्हणाल्या. “आपल्याला भीती वाटली की समोरच्याला वेडं ठरवून आपल्या जातीबाहेर काढतो. त्याची किंमत कोण मोजतं? ज्याच्या घरी स्किझोफ्रेनियाचा मुलगा आहे आणि जो शेजाऱ्यांना तसं सांगत नाही, तो.”

डॉक्टरने याला पुरवणी दिली की स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत, उलट त्यांनाच मारहाण, लुबाडणूक आणि अत्याचार सोसावे लागतात. हे वाक्य तो दर वेळी म्हणतो, आणि दर वेळी ते म्हणावे लागते.

मला स्वतःला या सगळ्यात एकच गोष्ट मांडायची होती आणि ती मी तेव्हा मांडली. रामन राघवने एकेचाळीस खून केले, हा आकडा आपण सगळे सर्रास वापरतो. तो आला कुठून? त्याच्याच कबुलीजबाबातून. न्यायालयात खटला त्या आकड्यावर चालला नाही, आणि इतके खून कोणी स्वतंत्रपणे सिद्ध केलेले नाहीत. म्हणजे ज्या तोंडातून अकबराचे सरकार आले, त्याच तोंडातून एकेचाळीस आले. संपादक म्हणतो की अकबराचे सरकार हे ढोंग आहे आणि एकेचाळीस हे सत्य. डॉक्टरच्या बाजूचे अनेकजण म्हणतात की अकबराचे सरकार हा खरा भ्रम आहे, पण एकेचाळीसला तेही हात लावत नाहीत. सत्यकथा लिहिणाऱ्याला मुखपृष्ठावर आकडा हवा असतो, आणि मधल्या पानांत भ्रम हवे असतात कारण ते वाचताना अंगावर काटा येतो. शेवटी फाशीचे समर्थन करायचे असले की त्याला कोंबडी हवी असते. एकाच माणसाच्या बोलण्यातून आपल्या गरजेप्रमाणे तुकडे कापून घ्यायचे आणि त्याला पुरावा म्हणायचे, हे आपण वाचक करतो. पोलीस सर्जन आणि विशेष मंडळ यांच्या अहवालांतला फरकही मला काही अंशी याच जातीचा वाटतो. एकाने त्याची स्मरणशक्ती आणि समज तपासली व ती ठीक निघाली, दुसऱ्यांनी त्याला बोलू दिले आणि तो काय मानतो ते लिहून घेतले.

वकीलसाहेबांनी यावर हरकत घेतली, आणि ती रास्त होती. कबुलीजबाबाला पूरक पुरावा असेल तर तो जरूर घ्यावा. त्याने दाखवलेली जागा, सापडलेले हत्यार, कपड्यांवरचे रक्त, ठसे या गोष्टी त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसतात. माझा मुद्दा त्या पलीकडच्या आकड्याचा होता, तो त्यांनी मान्य केला. संपादकाने मात्र केला नाही. “मग एकेचाळीस नसतील, तर पंचवीस असतील,” तो म्हणाला. त्याला कुठलाही आकडा चालला असता, फक्त आकडा हवा होता. (सत्यकथांच्या व्यवसायात तो पुढे जाईल याविषयी माझ्या मनात शंका नाही.)

मग शिक्षेचा विषय निघाला. १९८७मध्ये उच्च न्यायालयाने रामन राघवची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण त्याचा आजार बरा होण्यातला नाही असा निष्कर्ष निघाला होता. ७ एप्रिल १९९५ रोजी तो मूत्रपिंडे निकामी होऊन पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. तोवर तो येरवड्याच्या तुरुंगात होता. “म्हणजे सुटला,” संपादक म्हणाला. त्यावर वकीलसाहेब चक्क चिडले. फाशीची जन्मठेप होणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे. खुनी म्हणून तो शेवटपर्यंत दोषीच राहिला. आणि कलम ८४खाली निर्दोष ठरला असता तरी रस्त्यावर येणार नव्हता, कारण अशा माणसाला सुरक्षित ठिकाणी ताब्यात ठेवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, जुन्यात होती आणि १९७३च्या संहितेतही होती. १९८७मध्ये जे बदलले ते एवढेच, की रोगी माणसाला फासावर चढवण्यात न्याय आहे का या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले. तो क्षणाचा प्रश्न उरला नव्हता, शिक्षेच्या दिवसाचा होता. २०१९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे नाव गुप्त ठेवून असेच म्हटले, की शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी कमी करण्याचे कारण ठरू शकतो. गुन्ह्याच्या रात्री काय कळत होते, खटल्याच्या दिवशी काय कळते आणि फाशीच्या दिवशी काय कळेल, असे हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि वाचक तिन्हींना मिळून एकच उत्तर मागतो, ही वकीलसाहेबांची तक्रार होती.

संपादकाने मेलेल्यांचे काय, असे विचारले. हा प्रश्न या चर्चेत नेहमी येतो आणि बहुतेक वेळा तो समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी येतो. अण्णांनी तो तसा येऊ दिला नाही. ते म्हणाले, “त्यांची नावं तुला सांगता येतील का? त्याच्याजवळच्या कंगव्यांची संख्या आपण पाठ केली आहे. फुटपाथवर मेलेला माणूस कुठल्या गिरणीत होता, गावाकडे त्याचं कोण होतं, हे वर्तमानपत्रानं तेव्हाही फारसं छापलं नाही आणि तुझ्या पुस्तकांतही ते नाही.” संपादकाला नावे सांगता आली नाहीत, आणि खरे म्हणजे आमच्यातल्या कोणालाच आली नसती.

यानंतर अण्णांनी आपला सुरुवातीचा मुद्दा पुन्हा टेबलावर ठेवला. १९६६च्या सुमारास हा माणूस पोलिसांच्या हातात होता. पुरावा नाही म्हणून खटला भरता येत नव्हता, हे कबूल. पण तेव्हा १९१२चा भारतीय वेडेपणाविषयीचा कायदा अमलात होता, आणि त्यात मोकाट फिरणाऱ्या वेड्या माणसाला ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला होता. वेडामुळे धोकादायक वाटणाऱ्याला तर पकडणे हे त्याचे कर्तव्यच होते. मग तसे का झाले नाही?

“कारण तो वेडा दिसला नसणार,” डॉक्टर म्हणाला. तेव्हा तो आजारी होता की नाही हेही आज सांगता येणार नाही, पण जुनाट आजार एका रात्रीत होत नाही. ठाण्यात बसलेला माणूस प्रश्नांची उत्तरे देत असेल, नाव सांगत असेल, मारहाण झाली तर कळवळत असेल, तर हवालदाराने कशावरून ओळखावे? त्याला घर नव्हते, म्हणजे आई-बाप, बायको, शेजारी असे कोणी नव्हते, जे सांगतील की हा रात्री कोणाशी तरी बोलतो, याला कोणीतरी पाठीमागे लागल्यासारखे वाटते. आजार आधी घरच्यांना दिसतो, डॉक्टरला नंतर, आणि पोलिसांना दिसलाच तर सर्वांत शेवटी. दोन तास समोर बसून कोणी त्याला बोलू दिले ते फाशीची शिक्षा झाल्यानंतर.

“आज दिसेल का?” ताईंनी विचारले.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात बेघर रोग्याला पोलिसांनी संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते, असे वकीलसाहेबांनी सांगितले. डॉक्टर म्हणाला की त्याच्या रुग्णालयात पोलीस असे रोगी आणतात, पण आणतात ते आरडाओरड करणारे, अंगावर कपडे नसलेले, वाहतूक अडवणारे. कंगवा आणि साबण जवळ बाळगणारा, शांतपणे उत्तरे देणारा माणूस पोलिसांनी आपण होऊन तपासणीला आणल्याचे त्याला आठवत नव्हते.